द्रविडनाडूची मागणी आणि लोकमत

(गोविंदपुरम् येथे गणेशोत्सवात दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)



  लोकमान्यांनी या उत्सवाला सार्वजनिक चळवळीचे रूप दिले, ते केवळ आरती-प्रसादासाठी नव्हे. चार माणसांनी एकत्र बसावे, देशाच्या प्रश्नांवर ऐकावे, बोलावे, हाही त्यामागे हेतू होता. म्हणून आज थोडा अवघड विषय घेतो आहे.

हा विषय मला गावाकडे सुचला. दोन वर्षांपूर्वी एका लग्नासाठी विट्याकडे गेलो होतो. जेवणाच्या पंगतीत एक पाहुणे म्हणाले, "तुमच्या त्या मद्राशांना देशात राहायचेच नव्हते म्हणे! हिंदीसुद्धा बोलत नाहीत. तुम्ही कसे राहता तिथे?" सगळे हसले. मीही हसलो. जिथे पस्तीस वर्षे मीठ-भाकर खाल्ली, जिथे मुले शिकली, त्या माणसांबद्दल कोणी असे बोलले आणि मी हसून मोकळा झालो, हे मला फार बोचले. परत आल्यावर ठरविले, हे खरे किती आणि खोटे किती, ते नीट पाहायचे.

ही मागणी झाली होती, हे अगदी खरे आहे. आपल्यापासून फार दूर नाही, तिरुवारूरला १९४० साली जस्टिस पार्टीच्या परिषदेत स्वतंत्र द्रविडनाडूचा ठराव झाला. त्याआधी १९३८ मध्ये शाळांतून हिंदी सक्तीची करण्याविरुद्ध मोठे आंदोलन पेटले होते आणि पेरियार रामस्वामी त्याचे पुढारी होते. १९४९ साली अण्णादुराईंनी द्रविड मुन्नेत्र कळघम स्थापन केला आणि हीच मागणी पुढे नेली. मद्रास, आंध्र, केरळ आणि कर्नाटक मिळून एक वेगळा देश, अशी ती कल्पना होती. १ मे १९६२ रोजी, म्हणजे आपण महाराष्ट्राचा दुसरा वाढदिवस साजरा करीत होतो त्या दिवशी, अण्णादुराईंनी राज्यसभेतील आपल्या पहिल्याच भाषणात ही मागणी उघडपणे मांडली. त्याच वर्षीच्या विधानसभा निवडणुकीत त्यांच्या पक्षाच्या जागा १५ वरून ५० वर गेल्या होत्या. तेव्हा दिल्लीला काळजी वाटली, तर ती अगदीच निराधार नव्हती.

पण ५० जागा मिळाल्या म्हणजे तेवढ्या मतदारांना भारत सोडायचा होता, असे म्हणता येईल काय? माझ्या आजच्या बोलण्याचा सगळा भर या एका प्रश्नावर आहे.

नोकरीत माझ्याहून बरेच वडील असलेले एक तमिळ सहकारी होते. १९६५ च्या हिंदीविरोधी आंदोलनात ते कुंभकोणमला कॉलेजात होते आणि मोर्चात सामील झाले होते. त्यांना मी एकदा हे विचारले. ते म्हणाले, "राव, माझ्या वडिलांनी १९६२ ला उगवत्या सूर्यावरच शिक्का मारला. पण माझा थोरला भाऊ मुंबईला माटुंग्यात नोकरीला होता. त्याची मनीऑर्डर आली की घरात चूल नीट पेटायची. मुलाला भेटायला माटुंग्याला जाताना पासपोर्ट लागावा, असे कोणत्या बापाला वाटेल?" मग मत का दिले, असे मी विचारले. "काँग्रेसवाले आमचे ऐकत नव्हते, म्हणून. आणि अण्णांचे तमिळ ऐकताना आपण कोणीतरी आहोत असे वाटायचे, म्हणून." १९६७ साली त्याच वडिलांनी पुन्हा तेच मत दिले, तेव्हा घरात बोलणे होते ते तांदळाच्या टंचाईचे.

हा एका घरचा दाखला झाला. त्यावरून प्रांताचे मत ठरत नाही, असे कोणी म्हणेल. बरोबर आहे. म्हणून आकड्यांचा दाखला देतो, आणि तो आपल्या अगदी जवळचा आहे. गोव्यात डिसेंबर १९६३ च्या निवडणुकीत महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष सत्तेवर आला. गोवा महाराष्ट्रात विलीन करावा, हे त्या पक्षाचे मुख्य धोरण होते. साहजिकच आपल्याकडे सर्वांनी धरून चालले की गोव्याचा कौल मिळाला. पण १६ जानेवारी १९६७ रोजी लोकांना तोच एक प्रश्न सरळ विचारण्यात आला. विलीनीकरणाच्या बाजूने १,३८,१७० मते पडली आणि संघप्रदेश म्हणून वेगळे राहण्याच्या बाजूने १,७२,१९१. म्हणजे ३४,०२१ मतांनी विलीनीकरण फेटाळले गेले. पुढे मार्चमध्ये विधानसभेची निवडणूक झाली, तेव्हा त्याच मतदारांनी त्याच महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाला पुन्हा सत्ता दिली! पक्ष आवडतो, पण त्याची ती मागणी नको, असे लोक म्हणू शकतात. तो प्रश्न देश सोडण्याचा नव्हता, हे खरे. पण पक्षाला दिलेले मत आणि एखाद्या प्रश्नावरचे मत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे गोव्याने दहा-अकरा आठवड्यांत दाखवून दिले.

द्रविडनाडूबद्दल असा प्रश्न लोकांना कधीच विचारला गेला नाही. तेव्हा "सगळ्यांना फुटून जायचे होते" असे म्हणणारे आणि "कोणालाच नको होते" असे म्हणणारे, दोघेही अंदाजच करतात. पण पुढे काय घडले, ते पाहता येते. भाषावार राज्ये झाली आणि आंध्र, केरळ, कर्नाटकातून या मागणीला कधी बळ मिळालेच नाही. १९६१ मध्ये ई. व्ही. के. संपत यांच्यासारखे मोठे पुढारी, ही मागणी व्यवहार्य नाही असे म्हणत, पक्षातून बाहेर पडले. ऑक्टोबर १९६२ मध्ये चीनचे आक्रमण झाले, तेव्हा अण्णादुराईंनी मागणी बाजूला ठेवून युद्धकार्याला पाठिंबा दिला. १९६३ मध्ये सोळावी घटनादुरुस्ती झाली आणि देशाचे सार्वभौमत्व व एकात्मता राखण्याची शपथ प्रत्येक उमेदवाराला घ्यावी लागू लागली. त्याच वर्षी पक्षाने मागणी सोडली.

कोणी म्हणेल, कायद्याच्या धाकानेच सोडली. त्यात तथ्य नाही असे मी म्हणणार नाही. मागणी सोडली तरी तिच्यामागची कारणे तशीच आहेत, असे स्वतः अण्णादुराईही म्हणत. पण ही कारणे पुढे एकेक करून ऐकली गेली. १९६५ च्या आंदोलनानंतर इंग्रजी चालू ठेवण्याचे आश्वासन १९६७ मध्ये कायद्यात आले. त्याच वर्षी अण्णादुराई मुख्यमंत्री झाले. १४ जानेवारी १९६९ पासून मद्रास राज्याचे नाव तमिळनाडू झाले. १५ ऑगस्टला मुख्यमंत्र्यांनी ध्वजारोहण करण्याची प्रथा १९७४ पासून सुरू झाली, तीही करुणानिधींच्या आग्रहामुळे. एकेकाळी वेगळा देश मागणारा पक्ष तिरंगा फडकविण्याचा हक्क मागू लागला, यापेक्षा मोठा पुरावा मी काय देऊ?

आपल्याकडेही असेच झाले ना? आपली मागणी राज्याची होती, देश सोडण्याची कधीच नव्हती, हा मोठा फरक आहे. पण १९५७ मध्ये मराठी माणूस काँग्रेसवर किती चिडला होता, ते आठवा. १९६० साली महाराष्ट्र मिळाला आणि १९६२ मध्ये त्याच काँग्रेसला विधानसभेच्या २६४ पैकी २१५ जागा मिळाल्या! ऐकले गेले की राग ओसरतो, हा मनुष्यस्वभाव आहे.

आता आपल्यासारख्यांचा एक प्रश्न उरतो. प्रांत वेगळा होताना "लोक" म्हणजे कोण? कॅनडात क्वेबेक प्रांताने ३० ऑक्टोबर १९९५ रोजी यावर सार्वमत घेतले. ५०.५८ टक्के लोक "नको" म्हणाले आणि ४९.४२ टक्के "हवे" म्हणाले. देश अवघ्या ५४ हजार मतांनी वाचला. मात्र प्रश्नाचे शब्द असे होते की पूर्ण वेगळे व्हायचे की भागीदारीत राहायचे, याचा अनेकांना उलगडा झाला नाही. म्हणून २००० साली कॅनडाने कायदा केला की प्रश्न स्पष्ट हवा आणि बहुमतही स्पष्ट हवे. त्याच सार्वमताच्या काही दिवस आधी तेथील क्री आदिवासींनी स्वतःचे वेगळे मतदान घेतले. त्यांच्यापैकी ९६ टक्क्यांहून अधिक लोकांनी सांगितले की आम्हाला आमच्या संमतीवाचून कॅनडाबाहेर नेऊ नका.

हे वाचताना मला आपली माणसे आठवली. व्यंकोजीराजांबरोबर आलेल्या तंजावरच्या मराठी कुटुंबांना साडेतीनशे वर्षे झाली. खानापूर, आटपाडी, तासगावकडून गलाईच्या धंद्यासाठी आलेले आपले बांधव गावोगावी दुकाने थाटून बसले आहेत. द्रविडनाडू झाले असते, तर यांना कोणी विचारले असते काय? आणि माटुंग्याच्या त्या थोरल्या भावाला मुंबईत कोणी विचारले असते? सीमारेषा नकाशावर सोपी दिसते, पण ती कोणाच्या तरी घरातून जाते.

मित्रहो, मला एवढेच सांगायचे आहे. येथील माणसाचे भाषेवरचे प्रेम म्हणजे देशाचा द्वेष नव्हे. याच गोविंदपुरम्‌मध्ये विठ्ठलासमोर तमिळ माणसे तुकोबांचे अभंग मराठीत म्हणतात. ते त्यांना कोणी सक्तीने शिकविलेले नाहीत. सक्ती नसेल तेथे भाषा आपोआप घरात येते.

पुढच्या महिन्यात पुन्हा गावी जायचे आहे. ते पाहुणे भेटतीलच. यावेळी मी हसणार नाही. त्यांच्याशेजारी पाट मांडून बसेन आणि माटुंग्याच्या मनीऑर्डरची गोष्ट त्यांना सांगेन. आपणही गावी गेलात की सांगा, ही विनंती.



गणपती बाप्पा मोरया!