दुकानाची पाटी आणि दुकानदाराचा धर्म

(खामगाव येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेले भाषण)

आजच्या वर्गात कापसाच्या भावावर बोलावे, अशी काही मित्रांची सूचना होती. दुकानावरच्या पाटीसारख्या किरकोळ गोष्टीवर समाजवाद्यांनी वेळ का दवडावा, असेही एकाने मला सरळ विचारले. प्रश्न रास्त आहे. पण ज्या पाटीवरून बाजारात माणसांची वाटणी सुरू झाली आहे, तिला किरकोळ मानणे आपल्याला परवडणारे नाही. आणि कापसाचा विषय शेवटी या पाटीपाशीच येऊन पोहोचतो, हे मी पुढे दाखवणार आहे.

प्रथम घडले काय ते पाहू. ऑक्टोबर २०२० मध्ये तनिष्क या दागिन्यांच्या पेढीने एक जाहिरात केली. मुस्लिम सासरी हिंदू सुनेचे डोहाळजेवण, एवढाच तिचा विषय. ओरड झाली आणि जाहिरात मागे घेण्यात आली. पुढच्याच वर्षी फॅबइंडियाने दिवाळीच्या सुमारास आपल्या कपड्यांना ‘जश्न-ए-रिवाज’ असे नाव दिले. उर्दू शब्दांमुळे दिवाळी बाटली, असा गिल्ला झाला आणि तेही नाव उतरले. डिसेंबर २०२५ मध्ये रायपूरच्या एका मॉलमध्ये नाताळची सजावट जमावाने मोडून टाकली. अमेरिकेतही हा खेळ जुना आहे. तेथे दुकानदाराने ‘मेरी ख्रिसमस’ लिहावे की नुसते ‘सणाच्या शुभेच्छा’ म्हणावे, यावरून २००५ साली टार्गेट या दुकान-साखळीवर बहिष्काराची हाक देण्यात आली होती. २०१५ मध्ये तर स्टारबक्सच्या कॉफीच्या पेल्यावर नाताळची चित्रे नाहीत, नुसता लाल रंग आहे, यावरूनही काहूर उठले.

या प्रकरणांत मोठ्या कंपन्यांनी माघार घेतली, याचे आपण फार दुःख करू नये. भांडवलाला तत्त्व नसते, गिऱ्हाईक असते. एक जाहिरात काढली तर त्यांच्या ताळेबंदात एक ओळही हलत नाही. परंतु तोच बडगा हातगाडीवर बसला, की एका कुटुंबाची चूल विझते. म्हणून मला महाराष्ट्रातील घटनांकडे वळायचे आहे.

जून २०२४ मध्ये त्र्यंबकेश्वरच्या प्रसादाच्या दुकानांना ‘ओम प्रमाणपत्र’ देण्याची मोहीम हिंदुत्ववादी मंडळींनी सुरू केली. मार्च २०२५ मध्ये ‘मल्हार प्रमाणपत्र’ आले. हिंदू मालकाच्या मटणाच्या दुकानाला ते मिळावयाचे. मंत्री नितेश राणे यांनी त्याचा पुरस्कार केला आणि ज्या दुकानात हे प्रमाणपत्र नसेल तेथून मटण घेऊ नये, असे आवाहनही केले. संविधानाची शपथ घेतलेला मंत्री एका धर्माच्या व्यापाऱ्यांकडे जाऊ नका म्हणतो, आणि ही गोष्ट दोन दिवसांच्या बातमीपलीकडे जात नाही! त्याआधी फेब्रुवारी २०२५ मध्ये अहिल्यानगर जिल्ह्यातील मढी येथे कानिफनाथांच्या यात्रेत मुस्लिम विक्रेत्यांना दुकाने लावू देऊ नयेत, असा ठराव ग्रामसभेत झाला. ऑक्टोबर २०२५ मध्ये आमदार संग्राम जगताप यांनी सोलापूरच्या मोर्चात दिवाळीची खरेदी फक्त हिंदूंकडूनच करा, असे सांगितले. त्यांच्या पक्षाने त्यांना नोटीस दिली. नोटिशीने बाजार सुधारत नाही.

येथे एक युक्तिवाद हमखास केला जातो आणि त्याला उत्तर देता आले पाहिजे. मुसलमानांचे हलाल प्रमाणपत्र चालते, मग आमचे का नको? साथींनो, मांस कोणत्या पद्धतीने कापले हे विचारण्याचा गिऱ्हाइकाला अधिकार आहे. झटका हवा त्याने झटका घ्यावा, हलाल हवे त्याने हलाल घ्यावे, कोणी काहीच न खावे. ही मालाविषयीची माहिती झाली. हलाल प्रमाणपत्रे देणाऱ्या खाजगी संस्थांच्या व्यवहारावर सरकारची देखरेख असावी, असेही मी म्हणेन. आणि उद्या एखाद्या मौलवीने हिंदूच्या दुकानाची पायरी चढू नका म्हटले, तर त्यालाही आपण याच व्यासपीठावरून विरोध करू. पण ओम आणि मल्हार या पाट्या मालाबरोबरच दुकानदाराच्या जन्माचा दाखला मागतात. पेढा कसा केला यापेक्षा पेढेवाला कोण, हे त्यांना महत्त्वाचे वाटते. ज्या गावगाड्याच्या परंपरेचे गोडवे ही मंडळी गातात, त्या गावगाड्यात बोकड कापण्याचा मान मुलाण्याचा होता आणि त्यासाठी गाव त्याला हक्क देत असे, हे त्यांना कोणीतरी आठवण करून द्यावयास हवे.

हा मार्ग कोठे जातो, ते उत्तर प्रदेशाने दाखवले. जुलै २०२४ मध्ये कावड यात्रेच्या मार्गावरील खाणावळींनी मालकाचे नाव लिहावे, असा हुकूम मुजफ्फरनगरच्या पोलिसांनी काढला. मग सरकारने तो राज्यभर लागू केला. पाटी अजून रंगवून व्हायची होती, तोच काही ढाब्यांतून मुस्लिम पोऱ्ये आणि आचारी कामावरून काढले गेल्याच्या बातम्या आल्या. पाटी मालकाची, भाकरी गेली मजुराची. २२ जुलै २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने स्थगिती दिली आणि अन्न कोणते ते सांगा, पण मालकाचे वा नोकरांचे नाव लिहिण्याची सक्ती करता येणार नाही, असे बजावले.

न्यायालयाने सांगितले ते आपल्या संविधानातच आहे. अनुच्छेद १५ मध्ये दुकाने, उपाहारगृहे यांत धर्म, जात, लिंग यांवरून कोणालाही मज्जाव करता येणार नाही, असे लिहिले आहे. ज्या देशात चहाच्या दुकानात दलितासाठी फुटका कप वेगळा ठेवला जात होता, त्या देशाला हे लिहिणे भाग होते. २९ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी ‘दुकान’ या शब्दाचा अर्थ व्यापक असल्याचे स्पष्ट केले. सेवा देणारा प्रत्येक जण त्यात आला. तेव्हा गिऱ्हाईक बाहेर ठेवले जात होते, आता दुकानदाराला बाहेर ठेवायचे आहे. महाराष्ट्राचा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा २०१७ पासून अमलात आहे, पण तो मुख्यत्वे जातपंचायतींना डोळ्यांसमोर ठेवून केलेला. समाजाने आपल्याच माणसाला वाळीत टाकले तर तो धावून येतो, धर्माधर्मांतील व्यापारी बहिष्कारापुढे तो लंगडा पडतो. त्याची दुरुस्ती मागणे हे आपले काम आहे.

आता कापसाकडे येतो. खामगावच्या बाजारपेठेत दिवाळीला गर्दी होते ती धर्माने होत नाही, कापूस आणि सोयाबीन विकून आलेल्या पैशाने होते. १९ ऑगस्ट २०२५ पासून वर्षअखेरपर्यंत केंद्राने कापसावरील ११ टक्के आयात शुल्क माफ केले. ऐन वेचणीच्या तोंडावर परदेशी कापसाला दार उघडले गेले. त्याच हंगामात आपल्याला सांगण्यात आले, की पणत्या कोणाकडून घ्यायच्या ते आधी तपासा! सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने दुकाने व आस्थापनांतील कामाचा दिवस नऊ तासांवरून दहा तासांवर नेण्याचे आणि वीसपेक्षा कमी कामगार असलेल्यांना त्या कायद्यातून सोडण्याचे ठरवले. दुकानात दिवसभर उभ्या असलेल्या पोराच्या एका तासाची चर्चा कोणत्या मोर्चात झाली? हिंदू मालकाकडचा हिंदू नोकरही तो तास उभाच राहणार आहे.

आपल्या जिल्ह्याला हे विष पचणारे नाही, असे समजून स्वस्थ बसू नका. होळीच्या सुमारास सैलानीला दर्ग्यावर नारळांची होळी पेटते आणि तिच्याभोवती हिंदू किती नि मुसलमान किती हे मोजणे कोणाला जमलेले नाही. शेगावची कचोरी महाराष्ट्रभर गेली, ती फाळणीत घरदार गमावून आलेल्या एका पंजाबी कुटुंबाने स्टेशनापाशी सुरू केली. परक्या मुलखातल्या त्या निर्वासितापाशी कोणी दाखला मागितला नव्हता. पण मढीची यात्राही परवापर्यंत अशीच होती.

म्हणून दोन कामे हाती घ्यावीत. यात्रेच्या गावांत ग्रामसभेची नोटीस लागली की आपल्या साथींनी ती वाचावी आणि सभेला हजर राहावे. असा ठराव आलाच तर विरोधाची नोंद इतिवृत्तात करून घ्यावी व त्याच दिवशी गटविकास अधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार द्यावी. दुसरे, आठवडी बाजारातील फेरीवाल्यांची, सर्व धर्मांच्या, एकच संघटना तालुक्यात उभी करावी. चिखली आणि मेहकरच्या साथींनी याची सुरुवात करावी, म्हणजे सैलानीच्या यात्रेपूर्वी विक्रेत्यांची पहिली बैठक घेता येईल.