बारावीनंतर पंचवीस वर्षांनी
(मुरूड येथील महिला मेळाव्यातील भाषण)



आपण मुरूडमध्ये बसलोय, म्हणून आधी अतिया फैजींचं नाव घेते. त्यांची बहीण नाझली इथल्या नवाबांची बेगम. अतिया 1906 साली शिक्षिकेचं प्रशिक्षण घ्यायला लंडनला गेल्या, तेव्हा तिशीच्या उंबरठ्यावर होत्या. तिथून त्या घरी लिहायच्या, ते लाहोरच्या ‘तहजीब-ए-निस्वाँ’मध्ये छापून यायचं. पण त्या राजवाड्याच्या पाहुण्या. आपल्या घरांत कॉलेजचं नाव निघालं की अजूनही विचारतात, “आता कशाला?”

मला कशाला, ते सांगते. मी श्रीवर्धन तालुक्यातली अंगणवाडी सेविका. 3 जून 2020च्या निसर्ग वादळात सासऱ्यांची सुपारीची वाडी आडवी झाली. नवीन रोप धरायला पाच-सात वर्षं जातात. मुलांच्या फिया तेवढं थांबत नाहीत. मुख्यसेविका व्हायचं तर पदवी लागते, आणि माझी बारावी 1999ची. आमच्या घरात, माहेरी-सासरी, कॉलेजची पायरी कुणी चढलेलं नाही.

नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ 1989 साली सुरू झालं ते आपल्यासारख्यांसाठीच. नोकरी सोडावी लागत नाही. पुस्तकं घरी वाचायची, संपर्कसत्राला केंद्रावर जायचं, स्वाध्याय लिहून द्यायचे.

अभ्यासापेक्षा नावानं जास्त छळलं. दाखल्यावर वडिलांचं नाव, आधारवर नवऱ्याचं, निकाहनामा उर्दूत. एका कार्यालयातून मला तीनदा परत पाठवलं. चौथ्यांदा मराठी भाषांतर नोटरी करून नेलं. पुरुषाला हा फेरा नाही, त्याचं नाव जन्मभर एकच असतं.

दुसरी गोष्ट भाषेची. घरात आपण कोकणी बोलतो, शाळा उर्दू, आणि आता पुस्तकं मराठी. मला वाटलेलं मराठी येतं. बाजारात, बैठकीत रोज बोलते ना! राज्यशास्त्राच्या पहिल्याच पानावर ‘सार्वभौमत्व’ आलं. तासभर घालवल्यावर कळलं, हे तर शाळेतलं ‘इक्तिदार-ए-आला’! मग एक वही केली, तीन रकान्यांची. एकात मराठी शब्द, दुसऱ्यात उर्दू, तिसऱ्यात घरी अम्मीला समजेल असं. लोकशाही, जम्हूरियत, तिसऱ्या रकान्यात लिहिलं, ‘सगळ्यांना विचारून’. अम्मी म्हणाली, मग आपल्या घरात कधी आली नाही ती! आमच्याकडे यावर अजून हसतात, सासरेसुद्धा.

उर्दू शाळेत शिकलेली मुलगी पदवीला मागे पडते ती अक्कल कमी म्हणून नाही, मधला पूल कुणी बांधलेला नाही म्हणून. आपल्या संघटनांनी सत्कार थोडे कमी करावेत आणि अशी एक शब्दांची वही छापावी, असं माझं स्पष्ट मत आहे. माझी वही मी द्यायला तयार आहे.

पहिल्या वर्षाचे पेपर झालेत, दुसऱ्याचे स्वाध्याय चालू आहेत. नवरा कुवेतहून रात्री फोन करतो, तेव्हा आधी विचारतो, “किती पानं झाली?”

ज्यांना फॉर्म भरायचाय त्यांनी चहानंतर माझ्यापाशी बसा. शाळा सोडल्याचा दाखला, बारावीची मार्कशीट, आधार आणि लग्नाचा कागद, आज नसेल तर झेरॉक्स पुढच्या रविवारी आणा.