गोळी, रोगी आणि मोजदाद



डोंबिवलीहून लोकलने परळला उतरणाऱ्यांना के. ई. एम. रुग्णालय परिचयाचे आहे. तेथील डॉ. रुस्तम वकील यांनी १९४९ साली ५० रोग्यांवरील आपला अनुभव प्रसिद्ध केला आणि सर्पगंधेने रक्तदाब उतरतो हे जगाला दाखवून दिले. वेडावरची मुळी म्हणून तर ती आपल्याकडे पूर्वापार ठाऊक होती. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये तिच्यातून रिसर्पिन हे द्रव्य वेगळे काढण्यात आले आणि लवकरच ते अमेरिकेतील मनोरुग्णालयांत दिले जाऊ लागले. खवळलेले रोगी शांत झाले; पण रक्तदाबासाठी ते घेणारे काही जण उदास होतात, अशाही नोंदी आल्या.

मग १९७४ साली धक्का बसला. बोस्टन, ब्रिस्टल आणि हेलसिंकी येथील तीन पाहण्यांनी सांगितले की, हे औषध घेणाऱ्या स्त्रियांत स्तनाचा कर्करोग अधिक आढळतो! पुढील पाहण्यांत मात्र हे टिकले नाही. आकडे खोटे नव्हते, तुलना चुकली होती. कर्करोग नसलेल्या ज्या स्त्रिया तुलनेला घेतल्या, त्यांतून हृदयविकाराच्या रोगी वगळल्या, तर हे औषध घेणाऱ्याच गळतात. मग दुसरे पारडे जड दिसणारच! ही मेख हॉर्विट्झ आणि फाइनस्टाइन या संशोधकांनी १९८५ साली उघड केली.

मग मोजदाद टाकून द्यावी काय? मुळीच नाही. मोजदादीची चूकही मोजदादीनेच सापडली. फेफऱ्यावर आणि मनाच्या चढउतारांवर देतात ते व्हॅल्प्रोएट गरोदरपणी घेतल्यास शंभरांतील सुमारे दहा बालकांत जन्मजात व्यंग आढळते, हेही गणतीनेच कळले. एकट्या डॉक्टरला ते आपल्या दवाखान्यात बसून दिसले नसते.

आपल्या देशात २०१० पासून औषधांच्या दुष्परिणामांची नोंद घेण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम चालू आहे. रोग्यालाही त्यात स्वतः कळवता येते. पण मनाच्या रोगावरची गोळी आपण लपून घेतो आणि त्रास झाला की लपूनच सोडतो. सोडल्याने रोग उलटतो, तो घरच्यांना भोगावा लागतो. आणि लपवलेला त्रास कोणाच्याच गणतीत येत नाही.

म्हणून विनंती दोनच. 'अमुक गोळी घातक' असे कानी आले, तर आधी विचारा: किती जणांत, आणि कोणाच्या तुलनेत? आणि त्रास झाला, तर गोळी परस्पर बंद न करता डॉक्टरांना सांगा व त्याची नोंद करवून घ्या. त्यात लाज कसली?