भाजी धुवावी कशी?

(मंडळाच्या गणेशोत्सवात ऋषिपंचमीच्या संध्याकाळी झालेल्या भाषणाचा मजकूर)



आज दुपारी आपल्यापैकी बऱ्याच घरी ऋषीची भाजी झाली असेल. अळू, माठ, भोपळा, सुरण. काहींनी इथल्या रयतु बाजारातून गोंगुरा, म्हणजे आपली अंबाडी, आणून तीही घातली असेल. बैलाच्या कष्टाचे खायचे नाही, असा त्या भाजीचा नियम. फवाऱ्याचे खायचे नाही असा असता, तर आज निम्मे हैदराबाद उपाशी राहिले असते.

मी हयातभर रसायने मोजण्याची नोकरी केली, म्हणून कार्यकारिणीने हा विषय माझ्या गळ्यात घातला. पण माझे कारण घरगुती आहे. नात वरणभात खाऊ लागली तेव्हा कुठलीशी बातमी वाचून सूनबाईंनी पालेभाजी आणि द्राक्षे घरात बंद केली. मी रसायनशास्त्राचा माणूस, काय करावे? द्राक्षे भांडी घासायच्या साबणाच्या पाण्यात बुडवली! नातीने एक मणी तोंडात घातला आणि थुंकला. म्हणाली, "आजोबा, फेस." साबण खाण्याच्या वस्तूला लावायचा नसतो, तो सालीत आणि देठाच्या खाचेत राहतो, हे मला ठाऊक होते. घाबरलेल्या माणसाला ठाऊक असलेलेही आठवत नाही.

मग शांतपणे वाचायला बसलो. अमेरिकेतल्या कनेटिकट राज्याच्या कृषी संशोधन केंद्राने २००० साली निष्कर्ष छापले. नुसत्या नळाच्या पाण्याने धुऊन १२ औषधांपैकी ९ औषधांचे अवशेष कमी झाले. त्यातही पाण्यात विरघळणारी निघाली आणि न विरघळणारी राहिली, असा हिशेब नव्हता. काम केले ते वाहत्या पाण्याने आणि चोळण्याने. क्लोरपायरिफॉस मात्र हटले नाही. पुढे २०१७ साली मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाने सफरचंदांवर खाण्याचा सोडा वापरून पाहिला. लिटरला १० ग्रॅम, म्हणजे अंदाजे दोन चहाचे चमचे. १२ ते १५ मिनिटांत एक औषध ८० टक्के आणि दुसरे ९६ टक्के निघाले. उरलेले सालीच्या आत शिरले होते. लक्षात ठेवा, ही फक्त दोन औषधांची गोष्ट आहे.

आमच्याकडे आता असे चालते. भाजी चिरण्याआधी धुवायची, चिरल्यावर नाही. पालक-कोथिंबीर मोठ्या पातेल्यात बुडवून खळबळायची आणि पाने वर उचलून घ्यायची. पातेले रोळीवर उपडे केले की खाली बसलेली माती पुन्हा पानांवर. पाणी गढूळ येईनासे होईपर्यंत हेच. कोबीची वरची दोन पाने टाकायची. फ्लॉवरचे तुरे सोडवायचे. मिठाच्या पाण्याने अळ्या बाहेर येतात, म्हणून औषधही गेले असे समजू नये. द्राक्षांचे लहान झुबके करून नळाखाली धरायचे. त्यांच्यावरची पांढुरकी झाक बहुधा त्यांचेच मेण असते. सोड्यात भिजवले तर नंतर पुन्हा पाण्याने धुवायचे. फ्रिजमध्ये ठेवायची भाजी आधी धुऊ नये, ओली राहून कुजते.

एवढे करूनही एक गोष्ट उरते, आणि ती सांगायला मला माझ्या चुलतभावाचे नाव घ्यावे लागेल. नाव नको, तासगावचा म्हणू. त्याची द्राक्षाची बाग आहे. २०१० साली युरोपात भारतीय द्राक्षे अडवली गेली, कारण त्यांत क्लोरमेक्वाट सापडले. वेलीची वाढ आवरायला मारायचे ते औषध. तपासायच्या यादीत तेव्हा ते नव्हते. वेलीत गेलेले मण्यात उतरले. ते मण्यावर बसलेले नव्हतेच, मग कुठल्या पाण्याने निघणार? त्या वर्षी त्याचे कर्ज फिटले नाही. आमच्या घरी द्राक्षे बंद झाल्याचे कळल्यावर तो फोनवर एवढेच म्हणाला, "दादा, पाठीवर पंप माझ्या असतो. तुमच्या ताटात येतं त्याच्या आधी ते माझ्या नाकात जातं."

मला उत्तर सुचले नाही. दर औषधाला काढणीपूर्व प्रतीक्षा कालावधी असतो; शेवटच्या फवारणीनंतर इतके दिवस माल तोडायचा नाही. तो पाळला, तर घरात धुण्याचे निम्मे काम शेतातच होते. पण बाजारभाव चढला की दिवस मोजायला कोण थांबतो? त्या फोननंतर भाऊ आमच्या पेटीवर शेवटच्या फवारणीची तारीख लिहून पाठवतो. सूनबाईंनी द्राक्षे पुन्हा सुरू केली, ती त्या तारखेमुळे. माझ्या सोड्यामुळे नव्हे.

रयतु बाजारात विकणारा शेतकरी स्वतःच असतो, म्हणून मीही विचारू लागलो. बरेच जण हसून सोडून देतात. गेल्या शनिवारी एका वांगीवाल्याला मोडक्या तेलुगूत विचारले, शेवटचे औषध कधी मारले? त्याने माझ्याकडे पाहिले, माझ्या पिशवीतली वांगी परत आपल्या ढिगात ठेवली आणि म्हणाला, "बुधवारी या."