शेवाळाने दिलेली साक्ष

मंडळी, पाणी गढूळ असले तर डोळ्यांना दिसते. धान्यात खडे असले तर निवडता येतात. पण हवेतले विष ना दिसते, ना चाळता येते. मग ते ओळखायचे कसे? आज आपण एका दूरच्या शहराची हकीकत ऐकू या.

अमेरिकेत ऑरेगन राज्यात पोर्टलंड नावाचे मोठे शहर आहे. शहर म्हटले की मोटारी आल्या, कारखाने आले, धूर आला. काही धुरात शिसे, कॅडमियम अशा जड धातूंचे बारीक कण असतात. कॅडमियम वर्षानुवर्षे श्वासातून अंगात गेले, तर मूत्रपिंडे बिघडतात. फुप्फुसाचा कर्करोगही होऊ शकतो.

हवा तपासायची यंत्रे असतात. यंत्र हवा ओढते आणि गाळणकागदातून सोडते. कण कागदावर बसतात. मग प्रयोगशाळेत त्यांतले धातू मोजतात. पण यंत्रे पडली महाग. ती गल्लोगल्ली कशी ठेवणार?

तिथल्या वनखात्याच्या शास्त्रज्ञांनी युक्ती काढली. झाडाच्या खोडावर हिरवे शेवाळ वाढते ना? त्याला खरी मुळे नसतात. जे घ्यायचे ते हवेतून अन् पावसातून. म्हणून हवेतले धातू त्याच्या अंगात साठत जातात. २०१३ च्या डिसेंबरात त्यांनी शहरभरच्या झाडांवरून शेवाळाचे ३४६ नमुने जमवले. ते तपासून नकाशावर मांडले. तेव्हा रंगीत काचेच्या दोन कारखान्यांजवळ कॅडमियम फार निघाले. काचेला पिवळा, तांबडा रंग यावा म्हणून ते वापरीत.

शेवाळाने जागा दाखवली. पण माणसाच्या छातीत किती विष जाते, हे शेवाळ सांगत नाही. म्हणून २०१५ च्या ऑक्टोबरात सरकारी खात्याने एका कारखान्याजवळ यंत्र ठेवले. कॅडमियम राज्याने ठरवलेल्या मापाच्या ४९ पट भरले! अन् जवळच लहान मुलांचे पाळणाघर होते.

२०१६ च्या फेब्रुवारीत ही गोष्ट लोकांना कळली. आईबाप खवळले. सभा भरल्या, जाब विचारला गेला. कारखान्यांनी कॅडमियमचा वापर थांबवला. पुढे २०१८ साली राज्याने कारखान्यांच्या धुरासाठी नवा कायदा केला.

तेव्हा मंडळी, मोजले म्हणून कळले, आणि कळले म्हणून थांबले. नुसती कुरकूर वाऱ्यावर जाते. कागदावरचा आकडा मात्र टिकतो. तो आकडा आपल्याला वाचता आला पाहिजे, आणि वाचून विचारताही आले पाहिजे.