शिलालेख ते चोपडी



रायगडच्या किनाऱ्याचा इतिहास म्हटला की प्रथम जलदुर्ग आठवतात, आणि ते उचितच आहे. शिवछत्रपतींनी १६७९ साली थळसमोरील बेटावर उभारलेला खांदेरी दुर्ग २०२५ मध्ये जागतिक वारसा यादीत समाविष्ट झाला. तथापि हा किनारा व्यापाऱ्यांनीही घडविला आहे.

चौल हे येथील प्राचीन बंदर. पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात त्याचा उल्लेख आहे. कान्हेरीच्या बौद्ध लेण्यांत ‘चेमुल’ म्हणजे चौलच्या दात्यांची नावे कोरलेली आहेत. कुडे येथील लेण्यांतही श्रेष्ठींची व लोखंडाच्या व्यापाऱ्याची दाने नोंदलेली आहेत. त्यांच्या पेढ्या काळाच्या उदरात गेल्या. पाषाणावरील नोंद मात्र राहिली.

जैन समाजाजवळही असाच ठेवा आहे. धातुप्रतिमांच्या पाठीमागे संवत, दात्याचे कुल आणि आचार्यांचे नाव कोरलेले असते. नित्य प्रक्षाळाने ती अक्षरे झिजतात. जीर्णोद्धारात लेख असलेला जुना दगड बदलला जातो. माळ्यावरील मोडी चोपड्यांना वाळवी लागते, उरलेल्या रद्दीत जातात. त्यांबरोबर बंदरात उतरलेला माल, त्या काळचे भाव आणि दानधर्म यांची साक्षही नष्ट होते.

दुर्गांचे जतन शासन करील. घरातील चोपडी घरानेच जपली पाहिजे. प्रत्येक प्रतिमालेखाची नक्कल उतरावी, छायाचित्र घ्यावे, चोपड्यांची सूची करावी. जीर्णोद्धाराचा पहिला खर्च या नोंदीसाठी व्हावा. दात्याचे नाव पुसू न देणे हीदेखील दानाची अनुमोदनाच होय.

जय जिनेन्द्र!