दोन खिडक्यांचा कॅमेरा

कॅमेरा ही वस्तू आता कोणाला नवलाची राहिलेली नाही. फोनच्या रूपाने तो ज्याच्या त्याच्या खिशात जाऊन बसला आहे. तरीही ज्यांना छायाचित्रणाची खरी गोडी लागते, त्यांचे फोनवर भागत नाही. आपला एक वेगळा कॅमेरा असावा असे त्यांना वाटू लागते, आणि मग चौकशी करता करता ते एका पेचात सापडतात. महाविद्यालयातील मुले हा पेच घेऊन माझ्याकडेही येतात. त्यांचा प्रश्न साधाच असतो : ज्या कॅमेऱ्याने थोर छायाचित्रकारांनी कामे केली, तो लायका हप्त्यावर का होईना, पण घ्यावा काय? की 'मिररलेस' म्हणून जे स्वस्त कॅमेरे मिळतात, त्यांवर समाधान मानावे?

प्रथम आकडेच पाहू. २०२२ साली लायका कंपनीचा एम-११ हा कॅमेरा बाजारात आला, तेव्हा त्याची अमेरिकेतील किंमत ८,९९५ डॉलर होती. बरं, ही किंमत नुसत्या कॅमेऱ्याची. भिंग निराळे घ्यायचे. २०२३ साली आलेला निकॉन झेड-एफ हा मिररलेस कॅमेरा सुमारे २,००० डॉलरना मिळत होता, तर २०२१ सालचा फुजीफिल्म एक्स-ई-४ हा ८५० डॉलरना. याही किमती भिंगाशिवायच्याच. म्हणजे एका लायकात चार निकॉन किंवा दहा फुजी आले! मग लायकाने काढलेले चित्र दहापट चांगले येते काय? मुळीच नाही. नुसते चित्र पुढे ठेवले तर ते कोणत्या कॅमेऱ्याचे, हे जाणकारालाही बहुधा सांगता येणार नाही. तेव्हा एवढा पैसा आपण नेमका कशासाठी मोजतो, हे आधी समजून घेतले पाहिजे.

त्यासाठी एक छोटासा प्रयोग करा. अंगठा डोळ्यांसमोर धरा आणि आधी एक डोळा मिटून, मग दुसरा मिटून त्याच्याकडे पाहा. अंगठा मागच्या भिंतीवर इकडून तिकडे उडी मारताना दिसेल. अंगठा जवळ असेल तर उडी मोठी, लांब असेल तर लहान. दोन डोळ्यांना दिसणाऱ्या चित्रांतल्या या फरकाचा उपयोग करून आपला मेंदू अंतराचा अंदाज बांधतो. रेंजफाइंडर, म्हणजे अंतरमापक कॅमेरा, हेच करतो. त्याला समोर दोन खिडक्या असतात. लायका एममध्ये त्यांच्यात सुमारे सात सेंटिमीटरांचे अंतर असते. एका खिडकीतून तुम्ही समोरचे दृश्य पाहता. दुसरीतून आलेली प्रतिमा आतल्या आरशाच्या साहाय्याने त्याच दृश्याच्या मध्यभागी एका लहानशा चौकोनात पडते. भिंगाची कडी फिरवली की चौकोनातली ही प्रतिमा सरकते. दोन्ही प्रतिमा एकमेकींवर बरोबर बसल्या, की अंतर जुळले. यात तुमची नजर भिंगातून जातच नाही, शेजारच्या खिडकीतून जाते. या कॅमेऱ्याचे सारे गुण आणि सारे दोष या एका गोष्टीत आहेत.

याचा इतिहास थोडक्यात असा. जर्मनीतील वेट्झलार गावी लाइट्झ यांच्या कारखान्यात ऑस्कर बार्नाक नावाचा एक कुशल यंत्रज्ञ होता. चित्रपटाची ३५ मिलिमीटर रुंदीची फिल्म वापरणारा एक छोटा कॅमेरा त्याने पहिल्या महायुद्धाच्या सुमारास तयार केला. १९२५ साली लाइपझिगच्या जत्रेत तो लोकांपुढे आला. १९३२ साली त्याला भिंगाशी जोडलेला अंतरमापक बसवण्यात आला, आणि १९५४ साली एम-३ निघाला. त्यात दृश्य पाहणे आणि अंतर जुळवणे ही दोन्ही कामे एकाच नेत्रिकेतून होऊ लागली. त्या वेळची बहुतेक भिंगे आजच्या एम कॅमेऱ्यावरही बसतात. सत्तर वर्षे टिकलेली ही सोय काही लहान नव्हे.

या कॅमेऱ्याचे गुण काय? चित्रात जेवढे येणार त्याच्या सीमा नेत्रिकेत पांढऱ्या रेघांनी दाखवलेल्या असतात, पण रेघांच्या बाहेरचेही दिसत राहते. रस्त्यावरून कोणी चित्राच्या चौकटीत शिरत असेल, तर तो आत येण्याआधीच तुम्हाला दिसतो. शिवाय यंत्र लहान, आवाज बेताचा. फ्रेंच छायाचित्रकार आंरी कार्तिए-ब्रेसाँ यांनी १९३२च्या सुमारास लायका हाती घेतला, तो यासाठीच. त्याच्या चकाकत्या भागांवर ते काळी पट्टी चिकटवत, म्हणजे लोकांचे लक्ष जाऊ नये. ३० जानेवारी १९४८ रोजी, महात्मा गांधींची हत्या झाली त्याच दिवशी, ते दिल्लीत गांधीजींना भेटले होते. आणि पुढे अंत्ययात्रेची त्यांनी टिपलेली चित्रे जगभर गेली. अशा गर्दीत नि अशा दुःखात मोठे यंत्र रोखून उभे राहणे किती अवघड, याची कल्पना करावी.

आता दोष. नजर भिंगातून जात नसल्यामुळे चौकटीच्या रेघा अंदाजाच्याच असतात. अंतरमापकाने सुमारे ७० सेंटिमीटरांच्या आतल्या वस्तूवर नेम धरता येत नाही. १३५ मिलिमीटरांपेक्षा लांब पल्ल्याच्या भिंगासाठी तो निरुपयोगी; म्हणजे पक्ष्यांची चित्रे विसरा. कॅमेऱ्याला धक्का बसला तर जुळणी बिघडू शकते. फोकस आपणच जुळवायचा, यंत्र मदत करणार नाही. आणि एम-११मध्ये चलच्चित्राची सोयही नाही. तेवढी तर साध्या फोनमध्येही असते!

मिररलेसची गोष्ट वेगळी. १९५९ साली निकॉन एफ आला, आणि त्यानंतर आरशाच्या कॅमेऱ्यांनी अंतरमापकाला मागे सारले. त्यांत भिंगामागे एक तिरका आरसा असे, त्यामुळे भिंगाला दिसते तेच डोळ्याला दिसे. मात्र आरशाला जागा लागे, म्हणून यंत्र जाडजूड होई. २००८ साली पॅनासॉनिकने जी-१ काढला आणि तो आरसाच काढून टाकला. भिंगाने पाडलेली प्रतिमा सरळ संवेदकावर घ्यायची आणि नेत्रिकेतल्या लहानशा पडद्यावर दाखवायची, ही ती युक्ती. २०१३ साली सोनी ए-७ने पूर्ण चौकटीचा, म्हणजे जुन्या फिल्मच्या ३६ गुणिले २४ मिलिमीटर मापाचा संवेदक अशा लहान यंत्रात बसवला. आज झेड-एफसारखा कॅमेरा माणसाचा डोळा शोधून त्यावर आपोआप फोकस धरतो, हात हलला तर संवेदक हलवून तो सावरून घेतो, आणि चित्र उजळ येणार की काळवंडणार हे कळ दाबण्यापूर्वीच दाखवतो. लायकाची भिंगेही त्यावर जोडकडीने बसतात. एम कॅमेऱ्यात भिंगाच्या बैठकीपासून संवेदकापर्यंतचे अंतर २७.८ मिलिमीटर, झेड-एफमध्ये केवळ १६. मधली जागा कडीने भरून निघते. फक्त काही रुंद कोनाच्या भिंगांनी काढलेल्या चित्राचे कोपरे तेवढे नीट येत नाहीत, कारण संवेदकावरील काचेची जाडी दोन्हींत सारखी नसते.

मग लायकाला जास्तीचा पैसा का? थोड्या संख्येने आणि पुष्कळसे हाताने जुळवलेले यंत्र, अंतरमापकाची नाजूक कारागिरी, आणि अर्थातच नाव. 'पण तो पिढ्यान्पिढ्या टिकतो' असे कोणी म्हणेल. फिल्मच्या काळातील एम-३ला हे लागू आहे. आजही तो कामे करतो. डिजिटल कॅमेऱ्याला तेच लागू पडेल असे मात्र समजू नये. २००९ सालच्या एम-९च्या संवेदकावरील काच गंजते असे पुढे उघड झाले, आणि कंपनीला ते संवेदक बदलून द्यावे लागले. भिंग वारशाने देता येईल. संवेदकाचे तसे नाही. आणखी एक गंमत अशी, की २०२५ साली खुद्द लायकानेच एम ईव्ही-१ नावाचा कॅमेरा काढला. त्यात अंतरमापक नाही, पडद्याची नेत्रिका आहे!

तेव्हा लायकापासून शिकण्यासारखे काय उरते? अंतराचे भान. फोकस आपण जुळवायचा म्हटले की आपण कोठे उभे आहोत, समोरचा माणूस किती पावलांवर आहे, हे मनात सतत मोजावे लागते. ही सवय मोलाची खरी, पण तिच्यासाठी नऊ हजार डॉलर लागत नाहीत. परवडेल तो मिररलेस घ्या, जुना घेतला तरी चालेल. पूर्ण चौकटीचा असेल तर ३५ मिलिमीटरचे भिंग लावा. छिद्र आठ क्रमांकावर ठेवा, तीन मीटरवरच्या एखाद्या खांबावर फोकस धरा आणि तो तिथेच कायम करून टाका. आता सुमारे दोन मीटरपासून सात मीटरपर्यंतचे सारे पुरेसे स्पष्ट येईल. लहान संवेदकाच्या कॅमेऱ्यावर तेवढाच रुंद कोन दाखवणारे भिंग लावले, तर ही हद्द आणखी वाढते. मागचा पडदा बंद करा आणि महिनाभर बाजारात, एस.टी. स्टँडवर, जत्रेत असेच हिंडा. चित्र हवे तर तुम्हीच जवळ जायला हवे, आणि जवळ जायचे तर त्या माणसाशी दोन शब्द बोलावे लागतील. छायाचित्रकार घडतो तो तिथे.

ज्याने हे सारे केले आहे, ज्याला खिडकीतून पाहण्याची ती रीतच मनापासून आवडते आणि ज्याच्याजवळ मोकळा पैसा आहे, त्याने लायका खुशाल घ्यावा. त्यात वावगे काही नाही. परंतु कर्जाने घेतलेला कॅमेरा फार जपला जातो, आणि जपलेला कॅमेरा पावसापाण्यात बाहेर पडत नाही. उरलेल्या पैशांत एक चांगले भिंग येईल, वर्षभराचा प्रवास होईल, निवडक चित्रे मोठ्या कागदावर छापून भिंतीवर लावता येतील.

म्हणून दुकानात जाण्यापूर्वी एवढेच करा. आपण काढलेली शंभर चित्रे समोर घ्या आणि फसलेली बाजूला काढा. प्रत्येकाखाली कारण लिहा : लांब उभा राहिलो, घाई केली, उजेड पाहिला नाही, क्षण हुकला. यंत्र कमी पडले, असे किती चित्रांखाली लिहावे लागते ते मोजा. तो आकडा मोठा आला, तर नवा कॅमेरा अवश्य घ्या.